ढोलकीचा ठेका आणि अरेंजर कीबोर्डची ‘स्टाइल’ : जुन्नर-आंबेगाव परिसरातील तमाशाच्या संदर्भात एक चिकित्सा

गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगाव येथे तमाशा फडांच्या राहुट्या उभ्या राहतात. गावोगावचे पंच तेथे जाऊन आपापल्या यात्रेसाठी फड पाहतात, रकमेची घासाघीस करतात आणि सुपारी देऊन परततात. जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांतील गावांची करमणुकीची अभिरुची या व्यवहारातून पिढ्यान्‌पिढ्या घडत आली आहे. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांच्या नावाने जो परिसर तमाशाच्या इतिहासात ओळखला जातो, त्याच परिसरात आंबेगाव तालुक्यातील अवसरी बुद्रुक हे गाव येते. अशा गावात यात्रेच्या रात्री फड उभा राहिला की ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि झांज यांच्या जोडीला लोखंडी स्टँडवर ठेवलेला कीबोर्डही आता हमखास दिसतो. पुष्कळ गावांत त्याला आजही ‘कॅसिओ’च म्हणतात, मग त्यावर नाव कोणत्याही कंपनीचे असो.

तमाशाविषयीच्या मराठी लेखनात वग, लावणी, फडमालकांचे अर्थकारण आणि स्त्री-कलावंतांचे जीवन यांची चर्चा पुष्कळ झाली आहे. वाद्यमेळाकडे त्या मानाने कमी लक्ष गेले आणि कीबोर्डचा उल्लेख आलाच तर तो बहुधा तक्रारीच्या स्वरात येतो. ‘कीबोर्ड आला आणि तमाशाचा ऑर्केस्ट्रा झाला’ हे विधान इतके रूढ झाले आहे की त्याची तपासणी करण्याची गरज कोणाला वाटत नाही. वस्तुतः कीबोर्ड हे एकसंध यंत्र नव्हे. त्यातील प्रत्येक ध्वनी कोणीतरी निवडलेला आहे आणि प्रत्येक सुविधेमागे ‘संगीत म्हणजे काय’ याविषयीची कोणाची तरी एक समजूत आहे. त्यामुळे ग्रंथाची समीक्षा व्हावी तशी या ध्वनींची व सुविधांचीही समीक्षा होऊ शकते. प्रस्तुत लेखात ती ढोलकीच्या बाजूने करण्याचा प्रयत्न केला आहे.

ध्वनीची घडण

इलेक्ट्रॉनिक वाद्यातील ध्वनी दोन मार्गांनी तयार होत आले. पहिला मार्ग संश्लेषणाचा. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन चाउनिंग यांनी शोधलेल्या एफ. एम. पद्धतीवर आधारलेला यामाहाचा डीएक्स-७ हा सिंथेसायझर १९८३ साली बाजारात आला, तो या मार्गाचा सर्वांत यशस्वी नमुना. दुसरा मार्ग नमुना घेण्याचा. वाद्य स्टुडिओत वाजवून घ्यायचे, प्रत्येक आघाताचे वा स्वराचे हळू, मध्यम, जोरकस असे वेगवेगळे ध्वनिमुद्रण करायचे, त्यातील लांबणारा भाग एका बिंदूपासून पुन्हा पुन्हा फिरत राहील असा जोडायचा आणि हे सर्व तुकडे पट्ट्यांवर वाटून द्यायचे. आजचे बहुतेक अरेंजर कीबोर्ड या दुसऱ्या मार्गाने चालतात.

येथे पहिली निवड स्मृतीच्या मर्यादेतून येते. चिपमध्ये जागा किती, यावरून कोणत्या वाद्याला किती तुकडे मिळणार ते ठरते. पियानोला जागा सढळ हाताने मिळते, कारण जगभरचा ग्राहक दुकानात प्रथम पियानोच वाजवून पाहतो. यादीच्या शेवटी असलेल्या वाद्याची दोन-तीन तुकड्यांवर बोळवण होते.

ढोलकीच्या बाबतीत ही काटकसर घातक ठरते. ढोलकीच्या उजव्या पुडीला शाई असते व ती गाणाऱ्याच्या स्वराला मिळवली जाते. डाव्या पुडीवर तळहाताचा दाब कमीजास्त करून घुमारा वरखाली नेला जातो. म्हणजे डाव्या हाताचा नाद हा आघात नसून प्रवास असतो. तो सुरू एका ठिकाणी होतो आणि थांबतो दुसऱ्याच ठिकाणी. नमुन्यात मात्र असा एकच प्रवास गोठवला जातो. पट्टी कितीही वेळा दाबली तरी तोच घुमारा, त्याच लांबीचा, त्याच वळणाचा. हलगीचे कातडे विस्तवावर शेकून ताणले जाते. रात्र वाढते, हवेत गारवा येतो, आवाज उतरतो, पुन्हा शेकावे लागते. कीबोर्डमधील हलगी कायम एकाच क्षणी शेकलेली असते. सूक्ष्म आविष्कारासाठी कंपन्यांनी काही केले नाही असे नाही. यामाहाने टायरोस मालिकेत ‘सुपर आर्टिक्युलेशन’ ही सुविधा आणली, तीमुळे गिटारची घसर किंवा सॅक्सोफोनवादकाचा श्वास वाजवण्याच्या पद्धतीनुसार उमटू लागला. ही मेहनत कोणत्या वाद्यांवर आधी खर्च झाली, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

पेटीचे उदाहरण त्याहून बोलके आहे. हार्मोनियमचा आवाज भात्याच्या हवेवर लहान-मोठा होतो, पट्टी जोरात मारल्याने नव्हे. कीबोर्डवरील हार्मोनियमच्या ध्वनीला मात्र पियानोचा नियम लागू असला तर बोट जोरात पडताच सूर ओरडतो. म्हणून जाणता वादक पेटीचा ध्वनी निवडताना ‘टच’ बंद करून टाकतो. यंत्राने देऊ केलेली एक सुधारणा काढून टाकल्यावरच वाद्य स्वतःसारखे वाजते, हा अनुभव आणखीही एका ठिकाणी येतो. त्याचा विचार पुढे केला आहे.

यादीतील जागा

१९८३ साली ‘मिडी’ ही सामाईक भाषा अस्तित्वात आली आणि १९९१ साली ‘जनरल मिडी’ या नावाने ध्वनींची प्रमाणित यादी तयार झाली. एकूण १२८ ध्वनी, प्रत्येकाला क्रमांक. कोणत्याही कंपनीचे यंत्र असले तरी पहिल्या क्रमांकावर पियानोच यावा, ही त्यामागची सोय. या यादीतील १०५ ते ११२ हे आठ क्रमांक ‘एथ्निक’ या शीर्षकाखाली आहेत : सतार, बँजो, शामिसेन, कोटो, कलिंबा, बॅगपाइप, फिडल आणि शहनाई. साऱ्या बिगर-युरोपीय जगाला आठ जागा, आणि त्यांतही स्कॉटलंडचे बॅगपाइप व युरोपातीलच फिडल येऊन बसलेले. (शहनाईचे यादीतील स्पेलिंगही ‘शनाई’ असे पडले आहे.)

तालवाद्यांच्या यादीत तर ही विषमता अधिक ठळक होते. तेथे ३५ ते ८१ या क्रमांकांवर ४७ ध्वनी आहेत. त्यांत बोंगो, कोंगा, टिम्बाले, अगोगो, काबासा, माराकास, ग्विरो, क्विका अशी लॅटिन अमेरिकेची वाद्ये रांगेने येतात. एकट्या कोंगाला तीन आघात मिळाले आहेत. तबला, ढोलक, मृदंग, ढोलकी यांपैकी एकही नाही. याचे कारण द्वेषात शोधण्याची गरज नाही. अमेरिकन व जपानी लोकप्रिय संगीतात लॅटिन तालवाद्ये आधीच रुळलेली होती आणि यादी करणाऱ्यांच्या कानांत तीच होती. परंतु यादी एकदा प्रमाण ठरली की तिच्यातील अनुपस्थितीही प्रमाण होते. पुढे स्वस्त कीबोर्डांमध्ये हीच यादी पायाभूत राहिल्याने या भागात सुरुवातीला आलेल्या यंत्रांवर ढोलकीची जागा बोंगो आणि कोंगा यांनी भरून काढावी लागली.

भारतीय ग्राहकवर्ग मोठा आहे हे ध्यानात आल्यावर चित्र बदलले. यामाहाच्या पीएसआर मालिकेतील आय-४२५, आय-४५५, आय-५०० ही मॉडेले किंवा कॅसिओची नावाअखेर ‘आयएन’ असलेली मॉडेले भारतासाठीच घडवली गेली. रोलँडने एक्सपीएस-१० मध्ये भारतीय ध्वनी घातले. यामाहाचा चेन्नईजवळील कारखाना २०१९ साली सुरू झाला. या मॉडेलांत सतार, सरोद, बासरी, शहनाई, तबला, ढोलक, तानपुरा यांना स्थान मिळाले. आय-५०० मध्ये तर ‘रियाज’ या नावाचीच सुविधा आहे.

ही नावे ध्यानपूर्वक पाहिली तर त्यांमागील ‘भारत’ कोणता, ते कळते. तो एकीकडे मैफलीचा आणि दुसरीकडे हिंदी चित्रपटाचा भारत आहे. ‘रियाज’ हा शब्द घराणेदार गायकीच्या दालनातला. फडात त्याऐवजी ‘तालीम’ म्हणतात. ढोलकीचे वा लावणीचे नाव एखाद्या यादीत आले तरी ते प्रादेशिक रंगाचा एक ठिपका म्हणून येते, रचनेचे तत्त्व म्हणून येत नाही. अरब देशांच्या बाबतीत याउलट घडले. तेथील बाजारपेठेसाठी यामाहाने पीएसआर-ए मालिका काढली आणि कॉर्गनेही पाव-स्वराची सोय दिली. तेथे केवळ वाद्यांचे नमुने वाढवून भागले नाही, पट्ट्यांमधील अंतरेच बदलता येतील अशी व्यवस्था करावी लागली, कारण तिच्यावाचून मकाम वाजतच नाही. ग्राहकाने व्याकरणाचा आग्रह धरला की कंपनी व्याकरण देते. मराठी लोकसंगीताच्या वतीने असा आग्रह कोणी धरला, असे दिसत नाही.

श्रुतींच्या प्रश्नावर मात्र महाराष्ट्रात आग्रहाची परंपरा आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि सनदी अधिकारी ई. क्लेमंट्स यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात श्रुति-हार्मोनियमचा पुरस्कार केला. अलीकडच्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम सिद्ध केली. समविभाजित सप्तकातील शुद्ध गांधार षड्जापासून ४०० सेंटवर, तर तंबोऱ्याच्या नादातून ऐकू येणारा गांधार सुमारे ३८६ सेंटवर असतो. चौदा सेंटचा हा फरक वरच्या श्रेणीच्या कीबोर्डवर काही क्षणांत दुरुस्त करता येतो. परंतु ही सारी चर्चा स्वरांची झाली. लयीच्या बाबतीत, म्हणजे जेथे तमाशाचा प्राण आहे तेथे, देवल-क्लेमंट्स यांच्या तोडीचा वाद कधी उभा राहिला नाही.

‘स्टाइल’चे व्याकरण

अरेंजर कीबोर्डला त्याचे नाव मिळाले ते ‘स्टाइल’ या सुविधेमुळे. डाव्या हाताने स्वरसंघ दाबला की ताल, बास, गिटार, तंतुवाद्ये असा सगळा साथसंच त्या स्वरसंघाला अनुसरून वाजू लागतो. यामाहाच्या पद्धतीत एका स्टाइलला आठ मार्गिका असतात : दोन तालाच्या, एक बासची, उरलेल्या स्वरसंघ व स्वरवाक्यांच्या. आरंभ, मुख्य भागाची चार रूपे, भरणा, थांबा आणि समाप्ती असे तिचे खंड पडतात. मूळ नमुना सामान्यतः सी मेजर सेव्हन्थ या स्वरसंघावर लिहिला जातो आणि वादक जो स्वरसंघ दाबेल त्यात त्याचे रूपांतर नियमांच्या तक्त्यानुसार होते. युरोप-अमेरिकेच्या नृत्यगीतांसाठी ही योजना अत्यंत चतुर आहे, याविषयी दुमत नसावे.

तमाशाच्या गण-गवळणीत स्वरसंघ नाही. तेथे तुणतुण्याची एकच तार सतत षड्ज सांगत असते. अशा गाण्याखाली स्टाइल सुरू केली की यंत्र डाव्या हाताकडे स्वरसंघ मागते. वादकाने मेजर दाबला तर शुद्ध गांधार आणि मायनर दाबला तर कोमल गांधार साथीत घुसतो. पिलूच्या अंगाने जाणाऱ्या लावणीत दोन्ही गांधार येतात. तेथे यंत्र त्यांपैकी एकाला सतत चूक ठरवत राहते. सुजाण वादक यातून वाट काढतो ती षड्ज-पंचम एवढेच दाबून. यामाहाच्या यंत्रांना ही जोडी ओळखता येते. गांधार वगळलेला हा स्वरसंघ म्हणजे, थोडे धाडसाने बोलायचे तर, यंत्रात सापडलेले तुणतुणेच होय.

लयीची अडचण मात्र अशी सुटत नाही. यामाहाच्या स्टाइल घडवण्याच्या सुविधेत मुख्य खंड बत्तीस मापांपर्यंत लांबवता येतो, पण भरणा एका मापाचाच असावा लागतो. फडातील ढोलकीवादक नर्तकीच्या पायांकडे पाहत असतो. तिने जागा घेतली की तो सवाल टाकतो, ती घुंगरांनी जबाब देते, तो तेवढ्यावर न थांबता पुढचे आवर्तन ओढतो आणि समेवर येण्याआधी प्रेक्षकांना दोन-तीनदा फसवतो. हा भरणा किती मापांचा, हे आधी सांगता येत नाही; ते त्या रात्री, त्या पायांवर आणि त्या शिट्ट्यांवर ठरते. शिवाय लावणीत लय चढते तेव्हा ठेका केवळ जलद होत नाही, त्याचे बोलही बदलतात. काही आघात गळतात, काही दुप्पट होतात. कीबोर्डवरील लयीची कळ मात्र सर्व आघात सारख्याच प्रमाणात जवळ आणते. परिणामी स्टाइलवरची द्रुत लावणी घाईत असलेल्या मध्यलयीच्या लावणीसारखी ऐकू येते.

येथे एक आक्षेप संभवतो. पेटीही परदेशीच होती. आकाशवाणीने १९४० साली तिला दार बंद केले, तरी संगीत नाटकाने आणि संगीतबारीने तिला आपलेसे केले. मग कीबोर्डला वेगळा न्याय का? आक्षेप योग्य आहे, आणि कीबोर्डच्या परकेपणावर प्रस्तुत विवेचनाचा भरही नाही. वगातील दरबार, लढाई, वादळ यांसाठी लागणारे ध्वनी पूर्वी फडाला परवडत नव्हते, ते कीबोर्डने दिले. पुंगीचेच पाहा. १९५४ सालच्या ‘नागिन’ या चित्रपटातील गाजलेली बीन मुख्यतः कल्याणजी यांनी क्लॅव्हिओलीन या फ्रेंच बनावटीच्या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर वाजवली होती. पुढे वरातीत आणि यात्रेत लोकांच्या कानांत बसली ती हीच बीन. तेव्हा खरे आणि कृत्रिम अशी विभागणी करून चालत नाही. पेटी आणि स्टाइल यांतील फरक वेगळा आहे. पेटी वादकाच्या जागी बसली नाही. स्टाइल ढोलकीवाल्याच्या जागी बसते.

फडातील डावा हात

तरीही फडातील व्यवहार पाहिला तर कंपनीच्या अपेक्षेहून निराळेच काही घडलेले आढळते. यंत्राच्या आराखड्यात डावा हात स्वरसंघासाठी राखून ठेवला आहे. फडातला, किंबहुना मराठी-हिंदी गाणी वाजवणारा बहुतेक वादक डावा हात तेथून उचलतो आणि पट्ट्यांच्या डावीकडील ‘पिच बेंड’च्या चाकावर ठेवतो. उजवा हात स्वर वाजवतो, डावा त्याला मींड आणि घसीट देतो. ढोलकी शेजारी जिवंत वाजत असते आणि स्टाइल बंद असते. ज्या सुविधेवरून यंत्राला नाव मिळाले तीच बंद ठेवून आणि कडेला दिलेले एक चाक मध्यवर्ती करून हे वाद्य फडात वाजते. सुविधांचा विकास कारखान्यात पूर्ण होतो, या समजुतीला येथे तडा जातो.

शेजारचा ऑक्टोपॅड याच दिशेची साक्ष देतो. रोलँडचा पहिला ऑक्टोपॅड १९८५ चा आणि भारतात सर्वाधिक रुळलेला एसपीडी-२० हा १९९८ चा. त्यातही नमुनेच असतात, परंतु ते काठीच्या आघाताने, माणसाच्या लयीत वाजतात. स्टाइलमध्ये कोंडलेला ताल पुन्हा हातात घेण्याची ही युक्ती आहे, असे म्हणता येईल. आवाज यंत्राचा, काळ माणसाचा. ढोलकीवादकाला त्याच्याशी जुळवून घेता येते, कारण समोरचाही डोळे वर करून पायांकडे पाहू शकतो.

जेथे फड परवडत नाही, अशा हळदीच्या किंवा वाढदिवसाच्या लहान कार्यक्रमांत चित्र उलटे असते. एक गायक, एक कीबोर्ड, स्टाइल चालू. पैसा वाचतो तो नेमका तालवादकाचा. शहरात तयार केलेले ‘टोन’ आणि ‘लूप’ पेन ड्राइव्हवरून हातोहात फिरतात. त्यांत ढोलकीचे तुकडेही असतात, आणि ते कंपनीने दिलेल्या ध्वनींपेक्षा पुष्कळदा सरस असतात, कारण ते वाजवणाऱ्याला लावणी ठाऊक असते. यंत्रात ढोलकी आणण्याचे जे काम यादी करणाऱ्यांनी केले नाही ते या अनाम मंडळींनी केले. परंतु एखाद्या वादकाने एका दुपारच्या मोबदल्यावर वाजवून दिलेला ठेका पुढे शेकडो कार्यक्रमांत वाजतो, आणि ज्या सुपारीला पूर्वी तो स्वतः गेला असता तेथे आता त्याचा लूप जातो. तो स्वतःच्याच आवाजामुळे बेकार होतो, ही या विकासातील सर्वांत कठीण गाठ आहे.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताला प्रयोगविषयक हक्क प्रथमच दिले आणि २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या प्रयोगाशी आपले नाव जोडले जाण्याचा नैतिक हक्कही त्याला मिळाला. मात्र अर्ध्या सेकंदाच्या एका थापेला ‘प्रयोग’ म्हणावे काय, आणि त्या थापा ज्या क्रमाने मांडल्या त्या ठेक्याचा कर्ता कोण, याचे उत्तर कायद्याच्या शब्दांतून सरळ मिळत नाही. यासंदर्भात जपानमधील एक घटना आठवण्यासारखी आहे. कॅसिओच्या एमटी-४० या १९८१ च्या लहानशा कीबोर्डमधील ‘रॉक’ नावाचा ठेका हिरोको ओकुदा या नव्याने रुजू झालेल्या तरुणीने रचला होता. १९८५ साली जमैकात वेन स्मिथ यांच्या गाण्यासाठी निर्माते किंग जॅमी यांनी तोच ठेका वापरला, आणि रेगे संगीताने त्यानंतर वेगळे वळण घेतले. ओकुदा यांचे नाव जगाला बऱ्याच वर्षांनी समजले. तेथे निदान नाव शोधता आले, कारण ठेका एका कंपनीच्या एका मॉडेलमध्ये नोंदलेला होता. पेन ड्राइव्हवरच्या ढोलकीला अशी नोंदही नसते.

अवसरी बुद्रुकच्या शेजारी, अवसरी खुर्द येथे, २००९ पासून शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालय आहे आणि फडांचे नारायणगाव त्याच महामार्गावर पुढे आहे. ढोलकीचे नमुने घेण्यासाठी लागणारे यंत्रज्ञान आणि ढोलकी जाणणारे हात एकमेकांपासून इतके जवळ क्वचितच असतील. असे काम कोणी हाती घेतले तर पहिला प्रश्न ध्वनिग्राहकाचा असणार नाही. नमुना कोणत्या वेळचा घ्यायचा, संध्याकाळी नुकत्याच मिळवलेल्या ढोलकीचा की वग रंगात आल्यावर पहाटे उतरलेल्या ढोलकीचा. डाव्या पुडीच्या एका घुमाऱ्यासाठी किती वळणे नोंदवायची. समोर नर्तकी उभी करायची की वादकाला बंद खोलीत एकट्याने वाजवायला सांगायचे. आणि प्रत्येक तुकड्यावर वादकाचे नाव, गाव व फड कसे लिहायचे, हे आधी ढोलकीवाल्यालाच विचारावे लागेल.